पूर्वजांचा शोध : मृत्यूच्या नोंदींवरून मागे कसे जायचे

घराण्याचा शोध घ्यायला निघालेला माणूस सहसा नावापासून सुरुवात करतो. महाराष्ट्रात नुसत्या नावावरून फार मागे जाता येत नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एकाच घरात गणू, राघू, पुन्हा गणू, पुन्हा राघू अशी ओळ लागते आणि चुलत घरांतही तीच नावे असतात. जुन्या नोंदवह्यांत आडनाव पुष्कळदा नसतेच. असले तरी पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनाची नावे. ती गावोगावी, निरनिराळ्या घराण्यांत आहेत. जन्मतारखेवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहून टाकलेली असते.

मृत्यूचे तसे नाही. जमीन नावावर असलेला माणूस गेला की त्याची खूण दोन ठिकाणी उमटते : गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत आणि जमिनीच्या वारस फेरफारात, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावे लावल्याच्या नोंदीत. या दोन नोंदी एकमेकींना धरून असतात. म्हणून पूर्वजाचा मृत्यू आधी शोधा, आणि एका मृत्यूवरून त्याच्या आधीच्या मृत्यूकडे जा. या लेखातली सगळी पद्धत याच एका क्रमावर उभी आहे.

आधी घरातली आणि भावकीतली कागदपत्रे

कचेरीत जाण्याआधी भावकीत एक प्रश्न विचारा : आपल्यात कोणी जात पडताळणी केली आहे का? केली असेल तर निम्मे काम झालेले असण्याची शक्यता आहे. त्या फाइलमध्ये वंशावळीचे प्रतिज्ञापत्र असते, सोबत जुने शाळेचे दाखले, कोतवाल बुकाचे (गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीचे) उतारे आणि फेरफार जोडलेले असतात. पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० च्या, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे दाखवावे लागतात. त्यामुळे ही मंडळी जुन्या कागदांच्या शोधात आधीच फिरून आलेली असतात. कचेरीतले जुने कर्मचारीही ‘१९६७ पूर्वीचा पुरावा’ म्हटले की कोणते दप्तर काढायचे ते चटकन ओळखतात.

भावकीत विचारताना एक गोष्ट पहिल्या वाक्यातच स्पष्ट सांगा : मला जमिनीत काही नको आहे. जुने फेरफार मागणारा नातेवाईक हिस्सा मागायला आला, असा संशय येणे स्वाभाविक आहे. तो संशय एकदा धरला की घरातल्या पेटीचे कुलूप उघडत नाही.

म्हाताऱ्या माणसांना तारखा विचारू नका, प्रसंग विचारा. ‘पणजोबा कधी गेले?’ याला उत्तर मिळणार नाही. ‘ते गेले तेव्हा तुमचे वडील केवढे होते, लग्न झाले होते का, कोणता दुष्काळ चालू होता, प्लेगात माळावर झोपड्या घातल्या त्याच्या आधी की नंतर?’ याला मात्र मिळते. मुंबईत प्लेग १८९६ साली आला आणि पुढची काही वर्षे तो गावोगाव पसरत होता. १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. या तीन काळांतल्या मृत्यूंच्या नोंदींनी वह्यांची पाने भरलेली आहेत, आणि घरातल्या आठवणींतही याच खुणा टिकून राहतात. श्राद्धाची तिथीही विचारून ठेवा. घरात साल कोणाला ठाऊक नसते, पण ‘माघ वद्य पंचमी’ पाठ असते, आणि वहीतली तारीख त्या तिथीशी जुळली तर तो भक्कम दुवा ठरतो.

जनगणनेकडून काय मिळते

ब्रिटन-अमेरिकेतल्या वंशशोधाविषयी वाचलेले असेल तर जनगणनेच्या याद्यांतून घरातल्या प्रत्येकाचे नाव मिळेल अशी अपेक्षा असते. भारतात तसे होत नाही. इथे पहिली जनगणना १८७२ ची धरतात, १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी सर्वत्र एकाच वेळी होऊ लागली, पण घरोघरच्या नावांच्या याद्या लोकांसाठी खुल्या नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तेव्हा आजोबांचा जनगणनेचा कागद मागायला कोणत्याही कचेरीत जाऊ नका.

जनगणनेचा उपयोग आहे तो गावासाठी. जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावनिहाय लोकसंख्या असते, आणि त्या संख्येवरून नावाच्या गोंधळाचा अंदाज येतो. तीस-चाळीस घरांच्या वाडीत बापाच्या नावासकट तेच नाव आणि तीच जात असलेली दोन माणसे एका वेळी असणे अवघड. दोन हजार वस्तीच्या गावात ते सहज शक्य आहे. दुसरा उपयोग गाव नक्की करण्याचा. बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत आणि त्यांची दप्तरेही वेगळी. मोठ्या गावाची वाडी नंतर स्वतंत्र महसुली गाव झाली असेल तर तिच्या जुन्या नोंदी मूळ गावाच्या वहीत असतात.

जिल्हाही तपासा. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये, वाशिम आणि नंदुरबार १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये वेगळे झाले. जुना कागद आजच्या जिल्ह्यात नसेल तर मूळ जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात विचारा. गाव धरणाखाली गेले असेल तर शोध दोन जागी करावा लागतो : बुडीत गावाचे दप्तर मूळ तालुक्यात आणि पुनर्वसनानंतरचे नव्या तालुक्यात. कोयनेच्या विस्थापितांपैकी पुष्कळ कुटुंबे ठाणे, रायगडकडे आली. त्यांच्या वंशजांनी सातारा जिल्ह्यात जायलाच हवे.

मृत्यूची वही

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आल्यापासूनच्या नोंदी गावात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपालिका वा महापालिकेकडे असतात. कलम १७ प्रमाणे ठरलेले शुल्क भरून कोणालाही नोंदवहीत शोध घ्यायला लावता येतो आणि उतारा मागता येतो. मृत्यूचे कारण मात्र उताऱ्यात देत नाहीत. हे सोपे काम आहे, पटकन उरकून टाका.

खरा खजिना त्याच्या आधीचा. गावचा पोलीस पाटील आणि कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवत. तीच गाव नमुना नंबर १४ ची वही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, विदर्भात कोतवाल पंजी. ही दप्तरे सहसा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, आणि अनेक तालुक्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची पाने टिकून आहेत. अर्ज लिहिताना ‘आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असे लिहिलेत तर काहीच हाती लागणार नाही. गावाचे नाव, नमुना नंबर १४, मृत्यूची वही, सन अमुक ते अमुक, असे लिहा. काळ दहा-बारा वर्षांपेक्षा मोठा ठेवू नका. कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष पाने उलटायची असतात. नोंद सापडली नाही तर तसे लेखी मागून घ्या. पुढे कोणती वर्षे तपासून झाली हे त्यावरून कळते. अर्जाला उत्तरच आले नाही तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे : एकच विषय, १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये.

तहसीलला जाण्याआधी मात्र घरबसल्या एक तपासणी करून घ्या. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या नोंदी शोधून स्कॅन केल्या गेल्या, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका-गावनिहाय फाइली ठेवल्या गेल्या. हा शोध कुणबी नोंदींसाठी होता. पण वहीच्या एका पानावर गावातली सगळीच माणसे असतात. तुमची जात कोणतीही असो, तुमच्या गावाची फाइल उघडून पाहाच.

वही वाचताना काही शब्द ठाऊक हवेत. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘भ्रतार’, ‘जवजे’ यांवरून बाईचा नवरा कोण ते कळते. ‘मयत’ म्हणजे वारलेला. वय जवळपास नेहमीच पाच-दहाच्या पटीत लिहिलेले असते : ४०, ५०, ६०. साठ लिहिले असेल तर पंचावन्न ते सत्तर समजा, त्यावरून जन्मसाल ठामपणे लिहू नका. खबर देणारा कोण हा रकाना वहीत असला तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण खबर द्यायला बहुधा मुलगा किंवा भाऊ जातो, आणि एका मृत्यूच्या नोंदीत जिवंत नातेवाईकाचे नाव मिळून जाते. जातीच्या रकान्यात कधी कधी आज उच्चारूही नये असे शब्द आढळतात. ते जसेच्या तसे उतरवून घ्या. नोंद बदलणे आपले काम नाही.

जुनी पाने मोडीत असतील. मोडीत आधी ओळीभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि शब्द तोडले जात नसत. सरकारी वहीतली मोडी शिकायला फार अवघड नाही, कारण तेच दहा-पंधरा शब्द पुन्हा पुन्हा येतात. सर्वात आधी आपल्या गावाचे नाव, आपल्या घराण्यातली चार-पाच नावे आणि आकडे मोडीत लिहायला शिका. तेवढ्यावर पाने चाळता येतात. सापडलेले पान मग जाणकाराकडून वाचून घ्या. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

वारस फेरफार : पिढ्या जोडणारा कागद

मृत्यूची वही माणूस गेला एवढे सांगते. मागे कोण राहिले हे सांगतो तो फेरफार, म्हणजे गाव नमुना नंबर ६. त्यातला मजकूर साधारण असा असतो : अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे अमुक व अमुक, पत्नी अमुक, वर्दीवरून नोंद केली. एका कागदात दोन, कधी तीन पिढ्या मिळतात, आणि मृत्यूची तारीखही.

क्रम असा ठेवा. आजचा सातबारा घ्या. नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचे क्रमांक असतात. त्यांतला सर्वात जुना वारस फेरफार काढा. त्यात लिहिलेल्या मयताच्या नावाने त्याआधीचा सातबारा, त्यावरचा फेरफार, असे मागे मागे जा. वाटेत एकत्रीकरण योजना (जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडण्याची) आली की गट नंबर संपतो आणि जुना सर्व्हे नंबर सुरू होतो. दोहोंचा मेळ घालणारा कागद तलाठी दप्तरात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मागा. हा टप्पा चुकला तर परक्याच्या जमिनीचा इतिहास आपला म्हणून लिहिला जाईल. पुष्कळ जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात आहेत, तिथे आधी पाहा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात हा धागा साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेता येतो.

फेरफारातल्या संक्षेपांत पुष्कळ माहिती दडलेली असते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचेच दिसते, पण मागे भाऊ असतात, तेव्हा तो एकुलता होता असे समजू नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता : वारस तेव्हा सज्ञान नव्हता. यावरून मुलाच्या जन्माचा काळ बऱ्यापैकी बांधता येतो आणि बाप तरुणपणीच गेला हेही कळते. ‘दत्तक’ शब्द दिसला तर थांबा. पुढे रक्ताची ओळ आणि कागदाची ओळ वेगळी आहे, दोन्ही लिहून ठेवा.

वारस नोंद मृत्यूनंतर लगेच होतेच असे नाही. कधी वीस वर्षांनी, वाटणीची वेळ आल्यावर होते. म्हणून फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख मानू नका. आतली ‘मयत’ तारीख घ्या आणि मृत्यूच्या वहीशी ताडून पाहा. माणूस गिरणीत कामाला होता आणि मुंबईत वारला, तर मृत्यूची नोंद मुंबईत होईल आणि वारस नोंद गावात. गावच्या वहीत तो नाही म्हणून शोध सोडू नका.

बायकांची नावे

वंशावळीच्या तक्त्यात बायका नसतात, कारण जमिनीच्या जुन्या कागदांत मुली नसतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसांच्या यादीत मुलींची नावे रीतसर येऊ लागली. त्याआधीच्या पणजीला, तिच्या नणंदांना शोधायचे तर वाट वेगळी. सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना बारकाईने वाचा. विधवेचा पोटगीचा हक्क, बहिणींची नावे, चोळीबांगडीसाठी दिलेला तुकडा तिथे लिहिलेला असतो. जन्माच्या वहीत मुलीची नोंद बापाच्या नावाने सापडते. मृत्यूची नोंद सासरच्या गावी, नवऱ्याच्या नावाने. मधला दुवा, म्हणजे ही सासरची लक्ष्मी तीच माहेरची यमुना, बहुतेक वेळा कोणत्याही सरकारी कागदात नसतो. तो घरातल्या म्हाताऱ्या बाईलाच ठाऊक असतो. त्यामुळे हे काम सगळ्यांत आधी करा. कचेरीतली दप्तरे पुढच्या वर्षीही तिथे असतील.

दफनभूमी आणि समाध्या

दहन करणाऱ्या घरांना दगडावर कोरलेली नावे क्वचितच मिळतात. ख्रिस्ती, मुस्लिम, बेने इस्राएल (मराठी ज्यू) घराण्यांना, तसेच दफन किंवा समाधीची रीत असलेल्या लिंगायत, नाथ, गोसावी कुटुंबांना इथे जास्त हाती लागते. ख्रिस्ती कुटुंबांनी आधी चर्चच्या नोंदवह्या पाहाव्यात : बाप्तिस्मा, विवाह, दफन या तीन वेगळ्या वह्या असतात आणि एकाच माणसाच्या तिन्ही नोंदी जुळल्या की शंका उरत नाही. कब्रस्तानात पुष्कळ कबरींवर दगड नसतो आणि जागा पुन्हा वापरली जाते, म्हणून जमात किंवा ट्रस्टची वही हाच आधार. शहरांत स्मशानभूमीही स्वतःची नोंद ठेवते.

दगड वाचताना तारेचा ब्रश, ॲसिड, खडू वापरू नका. मऊ दगडावरची अक्षरे कायमची जातात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा, नाहीतर बाजूने बॅटरीचा झोत टाका, झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. एका कबरीचा फोटो काढताना शेजारच्या कबरींचाही काढा, एका कुटुंबाची माणसे जवळजवळ पुरली जातात. बेने इस्राएल दगडावर हिब्रू साल असेल तर त्यातून ३७६० वजा करा. हिजरी सालासाठी कोष्टक वापरा, कारण ते वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते.

फौजेत गेलेल्यांसाठी गावात संगमरवरी पाटी शोधा. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले, इतके कामी आले, अशा पाट्या सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत आढळतात. त्यांवर बहुधा नावे नसतात, फक्त आकडा असतो. नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी संकेतस्थळावर पाहता येते. त्यात पुष्कळदा बापाचे नाव आणि गावही दिलेले असते.

मराठवाडा आणि विदर्भ

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून जुने दप्तर उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येते, एखाद्या वर्षाचा फरक धरून चाला. (शकात ७८ मिळवतात.) तिथे १९५० च्या दशकातले खासरा पत्रक (जमिनीची शेतवार नोंद) हा हाताशी येणारा पहिला जुना कागद. त्याच्या मागचे काही हैदराबादेतही आहे. विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागा आणि तिथून मागे जा.

जमीन नसलेल्या घरांसाठी

इथे फेरफाराचा आधार नाही, म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर मुख्य कागद होतो. गावची जुनी जीवन शिक्षण मंदिरे, म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेच्या शाळा, ही रजिस्टरे जपून ठेवतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मस्थळ, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण त्यात असते. ‘मुंबईस गेला’ असे कारण लिहिलेले असले तर पुढचा शोध कुठे करायचा ते कळते. महार वतन आणि इतर कनिष्ठ वतनांचे कागद वेगळे आहेत. ही वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण ती कोणाच्या नावे होती याची नोंद महसूल दप्तरात राहिली. वतनदारांची नावे सहसा घराण्यानुसार असतात, म्हणून एका कागदात अनेक चुलत घरे भेटतात.

उपाध्यांच्या वह्या

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की ते आपल्या घराण्याची वही काढतात. कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात हेळवी घरी येऊन वंशावळ सांगतात. दोन्ही फार मोलाचे, मात्र पूर्वज तिथे गेला असेल तरच नोंद असणार, आणि ती यजमानाने सांगितलेली असते. सरकारी कागदातला निदान एक मृत्यू तिच्याशी जुळवून घ्या.

जुळवणी

प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवा. त्यावर नोंद कुठल्या कचेरीत, कोणत्या वहीत, कितव्या पानावर, कोणत्या क्रमांकाला मिळाली ते लिहा. नावापुढे ‘पक्के’, ‘बहुधा’, ‘ऐकीव’ यांपैकी एक शब्द लिहा. बापाचे नाव, गाव, आणि जमिनीचा नंबर वा श्राद्धाची तिथी, अशा तीन गोष्टी जुळल्या तर पक्के. दोन जुळल्या तर बहुधा. दोन राघू सापडले आणि कोणता आपला ते ठरत नसेल तर दोघेही तक्त्यात तुटक रेषेने दाखवा; आवडलेला राघू निवडू नका. कारण पुढे भावकीतला कोणी हाच तक्ता प्रतिज्ञापत्राला जोडणार आहे. मोडी पानाचा फोटो, त्याचे देवनागरी वाचन आणि वाचणाऱ्याचे नाव ही तिन्ही एकत्र ठेवा, आणि संच तयार झाला की भावकीतल्या निदान तीन घरांत त्याची प्रत द्या.